डाग काढताना: घरी सोनं साफ करण्याच्या नोंदी

(हा वरचा परिच्छेद मागाहून जोडलाय, बाकी नोंदी त्या त्या दिवशीच्या. मराठीत दागिन्यालाही डाग म्हणतात आणि मळालाही. सात डाग घेऊन बसले, बरेचसे उजळले आणि दोघांवर नवे डाग पाडून ठेवले. हेच काम करायला कोणी बसणार असेल, तर माझे वाया गेलेले दिवस तरी त्याच्या उपयोगी पडोत.)

नोंद १. शनिवार, ४ तारीख. सकाळचे दोन तास

आज पाण्याला हातही लावला नाही. फक्त मोजणी.

टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला आणि सगळं त्यावर मांडलं: माझी रोजची साखळी, आईच्या नक्षीच्या दोन बांगड्या, हिऱ्याची अंगठी, पोकळ रिंगांची जोडी, आईची लाल खड्यांची कर्णफुलं, ताईची मोत्याची कर्णफुलं आणि सोन्याचा मुलामा दिलेलं एक पदक. बांगड्या जोडीने धरल्या तर सात नग.

भिंगातून छाप वाचले. साखळी आणि बांगड्यांवर ९१६, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, आपलं २२ कॅरेट. अंगठीवर ७५०, म्हणजे १८ कॅरेट. पदकावर काहीच नाही. सोन्याशिवाय उरलेला भाग बहुतेक तांबं आणि चांदीचा असतो, आणि काळं पडायचं काम तेच करतात. सोनं स्वतः गंजत नाही. पण माझ्या साखळीवरचा थर गंजाचा नव्हताच. नखाने खरवडला तर मेणासारखा निघाला. घाम, क्रीम, त्वचेचं तेल आणि धूळ यांचं किटण.

प्रत्येक नगाचे फोनवर पुढून-मागून फोटो काढले. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा होता, त्यावर वजनं घेतली. प्रत्येक वजन तीनदा, आणि दर वेळी आधी तेच एक नाणं ठेवून काटा सरकला नाही ना ते पाहिलं. साखळी ११.८३. बांगड्या १४.२० आणि १४.३२. रिंगांची जोडी ४.६१. हे आकडे वहीत आहेत म्हणूनच पुढच्या दोन गोष्टी कळल्या, नाहीतर कळल्या नसत्या.

खड्यांचा प्रत्येक नग कानाजवळ धरून हलकेच हलवला. सैल खडा बारीक टकटक वाजतो. काही वाजलं नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

नोंद २. शनिवार, दुपार. साखळी

पहिली चूक अर्ध्या तासात. कोमट पाण्यात अंगाचा साबण विरघळवून साखळी भिजवली, घासली, खळबळली, वाळवली. किटण गेलं, पण साखळीवर पांढुरकी साय आली. आमचं पाणी जड. जड पाण्यातल्या क्षारांशी साबण जुळला की न विरघळणारा साका बनतो, तोच बादलीच्या काठाला चिकटतो तो. कड्यांच्या आतल्या बाजूला तो जाऊन बसला होता.

पुन्हा सुरुवात. या वेळी भांडी घासायचा द्रव साबण: दोन कप पाण्यात अर्धा छोटा चमचा. तो जड पाण्यात साका धरत नाही. पाणी हाताला सुखावेल इतकंच गरम, थर्मामीटरवर ४०च्या आसपास. वीस मिनिटं भिजवली. मग लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन, साखळी तळहातावर ठेवून, कड्यांच्या दिशेने हलकेच फिरवला. मोठ्यांचा मध्यम ब्रश मी आधी घेतला होता. त्याची टोकं भिंगाखाली तासणीसारखी दिसली, ठेवून दिला.

खळबळायला नळाखाली गेले नाही. मोठ्या वाडग्यात बारीक जाळीची गाळणी, गाळणीत साखळी, वरून साधं पाणी. तीनदा पाणी बदललं. पहिलं पाणी इतकं करडं निघालं की मलाच लाज वाटली. रोज गळ्यात असते ही.

मग वजन: ११.९३. वाढलं! काटा बिघडला म्हणून पंधरा मिनिटं त्याच्याशी झटापट केली. नाणं मात्र बरोबर वजन दाखवत होतं. कड्यांमध्ये पाणी अडकलेलं, इतकंच. सुती कापडात गुंडाळून दाबली, ड्रायरच्या थंड हवेखाली धरली, दोन तास उघडी ठेवली. आता ११.७८.

म्हणजे ०.०५ ग्रॅम कमी. आईने लगेच विचारलं, "सोनं गेलं का गं?" साबणाच्या पाण्यात सोनं विरघळत नाही हे माहीत होतं, तरी ते पहिलं पाणी बशीत ओतून वाळवलं. करडी, तेलकट पूड राहिली. भिंगाखाली एक कणही चमकला नाही. मळाचंच वजन ते.

एक राहिलं. साखळी अडकवायच्या आकड्याजवळ, डाख दिलेल्या (धातू वितळवून जोडलेल्या) सांध्यावर, तांबूस डाग तसाच आहे. साबणाला दाद देत नाही.

नोंद ३. रविवार, ५ तारीख. बांगड्या, आणि चार सेंटिमीटरची चूक

नक्षीच्या खोबणीत काळी रेघ घट्ट बसलेली. वीस मिनिटं भिजवून, घासून अर्धी निघाली. अर्धी राहिली आणि माझा धीर सुटला.

टूथपेस्ट. सगळेच सांगतात. १४.२० वाल्या बांगडीच्या एका बाजूला, नक्षीशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर लावून दोन मिनिटं घासली. फेस काळा झाला तेव्हा वाटलं, वा, मळ निघतोय. धुऊन उजेडात धरली तर तेवढा तुकडा दुधाळ दिसत होता. बाकी पट्टी आरशासारखी, हा तुकडा धुकं पडल्यासारखा. साधारण चार सेंटिमीटर.

मग सुचलं की चाचणी आधी करायची असते. एक तुटका सोन्याचा आकडा डब्यात पडून होता, त्यावर तीच टूथपेस्ट अर्धा मिनिट घासली आणि भिंगाखाली पाहिला: एकाच दिशेने गेलेले शेकडो बारीक ओरखडे. पेस्टमध्ये घासणारी पूड असते, कॅल्शियम कार्बोनेटची किंवा सिलिकाची. कठीणतेच्या मोजपट्टीवर शुद्ध सोनं अडीचच्या आसपास, कॅल्शियम कार्बोनेट ३, आणि सिलिका त्याहून बरंच वर. २२ कॅरेट शुद्ध सोन्यापेक्षा थोडं कठीण, पण या शर्यतीत तेवढं पुरत नाही. तो काळा फेससुद्धा निव्वळ मळाचा नसावा. सोन्याचा अगदी बारीक चुरा काळाच दिसतो. चेहऱ्याला पावडर लावणाऱ्यांच्या बोटावर अंगठीखाली कधीकधी काळी रेघ उमटते, तीही अशीच: पावडरीतले कण सोन्याला घासतात.

वजनकाट्यावर काही दिसलं नाही. इतकी बारीक घट ०.०१ च्या काट्याला पकडता येत नाही. डोळ्याला मात्र पकडता येते.

काळी रेघ शेवटी कशाने निघाली? वेळ देऊन. तेच साबणाचं पाणी, ताजं आणि कोमट, तीन वेळा बदललं. प्रत्येक वेळी अर्धा तास भिजवण आणि मग ब्रश. लाकडी टूथपिकचं टोक पाण्यात मऊ करून, थोडं चेचून, खोबणीतून ओढलं. सुई, सेफ्टीपिन असलं काही घेतलं नाही. दोन्ही बांगड्यांना मिळून जवळपास तीन तास. वाळल्यावर १४.१३ आणि १४.२५. दोन्हींचा मळ सारखाच, ०.०७.

बेकिंग सोडा आणि ॲल्युमिनियमच्या कागदाची युक्तीही वाचली होती. ती चांदीची. चांदीवरचा काळा थर गंधकाशी झालेल्या संयोगाचा असतो, त्या पाण्यात त्याची परत चांदी होते. माझ्या बांगडीवर तेल आणि धूळ होती, तिला कागदाशी काही देणंघेणं नाही. करून पाहिलं नाही.

नोंद ४. रविवार, रात्र. अंगठी

हिरा निस्तेज दिसला की लोक वरून घासतात. घाण खालून असते. हिऱ्याला पाणी धरत नाही, तेल मात्र चटकन चिकटतं; इतकं, की खाणीवर खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीसचा थर दिलेले पट्टे आणि टेबलं वापरत आले आहेत. बाकीची खडी पाण्याबरोबर वाहून जाते, हिरे ग्रीसला चिकटून राहतात. माझ्या अंगठीच्या कोंदणाची मागची बाजू उघडी आहे, आणि तिथे हाताच्या क्रीमची पुटं बसली होती.

वीस मिनिटं भिजवून ब्रश मागून आत फिरवला. धुतल्यावर खडा एकदम जागा झाल्यासारखा झाला. आठवडाभरातला सगळ्यात सुखाचा क्षण हाच.

मग कापसाच्या काडीने वाळवायला गेले आणि खडा धरून ठेवणाऱ्या एका नखीला कापसाचा धागा अडकला. ओढला, पुन्हा अडकला. भिंगाखाली पाहिलं: चारपैकी एक नखी खड्यावरून केसभर उचललेली. कानाजवळ हलवली. टक.

काल वाजली नव्हती. काल मळाने खडा धरून ठेवला होता! साफ केल्याने खडा सैल झाला नाही, सैल होताच, ते आता कळलं. छोट्या पिशवीत घालून बाजूला ठेवली, सोनाराकडे जाईल. तोवर बोटात नाही.

हेही लिहून ठेवते: अंगठी धुताना हातातून निसटली. वाडग्यात पडली. बेसिनवर उभी असते तर ही नोंद वेगळी झाली असती.

नोंद ५. सोमवार, ६ तारीख. रिंगा

सकाळी कामावर जायच्या आधी घाईत उरकलं. रिंगा भिजवल्या, घासल्या, पुसल्या, कागदावर ठेवल्या. संध्याकाळी कागदावर ओला गोल.

वजन ४.९६. सुरुवातीला ४.६१ होतं. ०.३५ ग्रॅम पाणी आत शिरलेलं. भिंगाने शोधलं तर दांडीच्या सांध्याशी टाचणीच्या टोकाएवढं भोक सापडलं. पोकळ दागिन्याला डाख देताना आतली तापलेली हवा बाहेर निघावी म्हणून असं भोक ठेवतात. हवा जिथून निघते तिथून पाणी शिरतं, आणि साबणासकट शिरतं.

दोनदा साध्या पाण्यात बुडवून, झटकून आतला साबण काढायचा प्रयत्न केला. मग नव्या बुटांच्या खोक्यात येतात ती सिलिका जेलची पाकिटं डब्यात घातली, भोकं खाली करून रिंगा त्यावर ठेवल्या, झाकण लावलं. गरम ड्रायर मारायचा मोह आवरला. पत्रा इतका पातळ आहे की बोटाच्या दाबानेही पोचा येईल, त्याच्याशी कोण खेळणार.

मंगळवारी ४.८८. बुधवारी ४.७४. गुरुवारी ४.६२. शुक्रवारीही ४.६२, म्हणजे आता जे उरलंय ते साबणाचं असावं. पोकळ नग भिजवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. पाच मिनिटांचं काम होतं, चार दिवस गेले.

नोंद ६. मंगळवार, ७ तारीख. लाल खडे

ही नोंद लिहायला नको वाटतंय.

आईची कर्णफुलं. प्रत्येकी सात लाल खडे, जुने, वजनाला हलके. अंगठी जमली होती म्हणून हातात अवसान आलेलं. त्याच पाण्यात वीस मिनिटं भिजवली, खालून घासावं म्हणून उलटी केली, तर मागची बाजू बंद. सपाट पत्रा. तेव्हाच थांबायला हवं होतं, पण तोवर ती भिजून झाली होती. धुतली, पुसली, रात्रभर ठेवली.

सकाळी डाव्या फुलातले दोन खडे काळपट तपकिरी. बाकीचे पाच लाल.

बंद कोंदणात खड्याखाली पुष्कळदा चकचकीत वर्ख घातलेला असतो. खड्यातून दिसणारी चमक त्या वर्खाची. खड्याच्या कडेने पाणी आत गेलं की वर्ख काळा पडतो, आणि बंद कोंदणातून पाणी बाहेर यायला वाटच नाही. वाळल्यावर सुधारेल म्हणून दोन दिवस वाट पाहिली. नाही सुधारलं.

आईला दाखवलं. तिने फूल उजेडात धरलं, फिरवलं, आणि म्हणाली, "तुला भिजवायला सांगितलं कोणी? मी कधी भिजवली नाहीत ती." मग थोड्या वेळाने, "पुसायचे फक्त. माझी आईही पुसायचीच." ही माहिती माझ्यापासून दहा पावलांवर, स्वयंपाकघरात उभी होती. मी विचारलंच नाही.

तेव्हा आता पाण्याआधीची तपासणी अशी: नग उलटा करायचा. मागून खडा दिसला, उजेड आरपार गेला, तर पुढचा विचार. मागची बाजू बंद असेल तर पाणी नाही. किंचित ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं. आणि मागची बाजू उघडी असली तरी पाचूला भिजवण नको, त्याच्या भेगांत पुष्कळदा तेल भरलेलं असतं. फिरोजा आणि ओपलही नकोत.

नोंद ७. गुरुवार, ९ तारीख. मोती आणि मुलामा

घाबरलेला माणूस फार नीट काम करतो. आज काही बिघडलं नाही, म्हणून लिहायलाही कमी.

मोत्याचा वरचा थर कॅल्शियम कार्बोनेटचा. व्हिनेगरसारखं आंबट काहीही त्याला खातं, अमोनियाही चालत नाही. शिवाय कर्णफुलातला मोती अर्ध्यापर्यंत भोक पाडून दांडीवर गोंदाने बसवलेला असतो. भिजवला तर गोंद सुटतो. साध्या पाण्यात पिळलेलं मऊ फडकं, मोती पुसला, दांडी आणि फिरकी वेगळी ब्रशने साफ केली. फिरकीच्या आतल्या आट्यांत मात्र भरपूर मळ निघाला. ताईला सांगितलं की वापरून झाल्यावर पुसून ठेव, ती म्हणाली, "आधी माझी फुलं परत दे, मग सांग."

पदकाला नुसतं कोरडं फडकं. मुलाम्याचा थर काही मायक्रॉनचा किंवा त्याहूनही कमी, आणि केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन असते. यावर रगडायला काही शिल्लकच नाही.

नोंद ८. शनिवार, ११ तारीख. तांबूस डाग

साखळीच्या आकड्याजवळचा डाग राहिला होता. कोणीतरी ब्लीच सुचवलं. नाही. क्लोरीन सोन्याच्या मिश्रधातूला खातं, आणि सगळ्यात आधी डाखाच्या सांध्याला. साखळी तिथेच तुटते. पोहायच्या तलावात दागिने घालू नयेत ते याचसाठी. अमोनियाचं पातळ पाणी काहीजण वापरतात. घरात एक बाटली ब्लीचची असताना दुसरी अमोनियाची आणायची माझी तयारी नाही. दोन्ही चुकून एकत्र आले तर विषारी वायू होतो.

पॉलिशचं कापड आणलं, तांबूस पूड मुरवलेलं. ती पूड लोखंडाच्या ऑक्साइडची, म्हणजे हेही घासणारंच, पण टूथपेस्टपेक्षा खूप बारीक. या वेळी आधी तुटक्या आकड्यावर. भिंगाखाली ओरखडे दिसले नाहीत, उलट मागचे थोडे बुजले. मग सांध्यावर दहा वेळा हलकेच. डाग गेला. भरीव २२ कॅरेट आहे म्हणून चाललं. पदकावर हेच कापड फिरवलं असतं तर मुलामाही त्याच्याबरोबर गेला असता.

आकड्याच्या आत बारीक स्प्रिंग असते, ती बहुधा पोलादी. गेल्या शनिवारी भिजवल्यावर ती उघडझाप करून वाळवली नव्हती. आज उघडताना किंचित करकरली. ड्रायरची थंड हवा, वीसेक वेळा उघडझाप. सध्या ठीक.

नोंद ९. शनिवार, २५ तारीख

सोनाराकडे जाऊन आले. नखी तिथल्या तिथे दाबून मिळाली, दुसऱ्याही एका नखीवर हात फिरवला. कर्णफुलाचे दोन खडे काढून खाली नवा वर्ख घालावा लागला. जुन्या पाच खड्यांपेक्षा ते दोन किंचित जास्त लाल दिसतात. ब्रश, साबण, कापड, सगळ्या सामानाला जेवढे पैसे गेले त्याच्या कितीतरी पट त्या दोन खड्यांना.

बांगडीवरचा दुधाळ तुकडा दाखवला. यंत्रावर पॉलिश केलं तर जाईल, पण मग पूर्ण पट्टी घासावी लागेल, नक्षीच्या कडा बोथट होतील आणि थोडं सोनं जाईल. आईने हात मागे घेतला. "राहू दे," म्हणाली.

साखळी दोन आठवड्यांत पुन्हा जराशी मंदावली होती. आता रात्री काढली की कोरड्या सुती फडक्यातून एकदा ओढते, आणि क्रीम लावल्यावर लगेच घालत नाही. आज पुन्हा कोमट पाणी, पण दहाच मिनिटं. पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं. आकडा वीसदा उघडझाप केला. वजन ११.७८.